माइनक्राफ्टमध्ये झाडाफुलांचे डाय बनवून लेदर आर्मर कसं रंगवायचं: पहिल्या फुलापासून शेवटच्या बुटापर्यंत

माझा भाचा आणि त्याची गँग आठवड्यातून दोनदा तरी मला स्क्रीनशॉट पाठवतात, "मामा, हे जांभळं का नाही झालं?" आणि फोटोत चेस्टप्लेटचा (छातीच्या चिलखताचा) रंग म्हणजे धुऊन विटलेल्या राणी कलरच्या ओढणीसारखा. दर वेळी तेच उत्तर टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं नीट लिहितोय. डाय (म्हणजे गेममधला रंग) बनवणं सोपं आहे, चुकतं ते क्रमात. कधी काय मिसळायचं, जुना रंग धुवायचा की नाही, किती डाय टाकायचे, इथे सगळे अडकतात.

## आधी दोन गोष्टी क्लिअर करून घ्या

पहिली: रंगतं ते फक्त लेदर. हेल्मेट, चेस्टप्लेट, लेगिंग्ज, बूट, शिवाय घोड्याचं लेदर आर्मर. एकच अपवाद, कुत्र्याचं वुल्फ आर्मर, ते लेदरचं नसूनही रंगतं. लोखंड, सोनं, डायमंड, नेदराइट यांच्यावर डाय लागत नाही म्हणजे नाही. त्यांच्यावर नक्षीची ट्रिम लावता येते पण तिला खनिजं लागतात, फुलं नाहीत, तो विषयच वेगळा.

दुसरी, आणि ही जास्त महत्त्वाची: तुम्ही कुठली एडिशन खेळताय? कॉम्प्युटरवर जावा एडिशन असेल तर आर्मर क्राफ्टिंगच्या (वस्तू बनवायच्या) चौकटीत रंगतं. मोबाइलवर, कन्सोलवर किंवा कुठेही बेडरॉक ही दुसरी एडिशन असेल तर कॉल्ड्रनमध्ये (कढईत) रंगीत पाणी करून त्यात बुडवावं लागतं. अर्धे लोक जावाचा व्हिडिओ बघून मोबाइलवर क्राफ्टिंग टेबलासमोर बसून राहतात आणि मग "गेममध्ये बग आहे" म्हणतात. बग नाहीये हो.

तपासा: मेन मेनूवर माइनक्राफ्टच्या मोठ्या नावाखाली "जावा एडिशन" लिहिलेलं दिसतंय का? नसेल आणि फोनवर असाल तर तुम्ही बेडरॉकवाले, सहाव्या टप्प्यातला दुसरा भाग तुमचा.

आणि जुन्या व्हिडिओंपासून जरा जपून. २०१९ मध्ये १.१४ व्हर्जन आलं त्याच्या आधी बोन मील (हाडांची पूड) हाच पांढरा डाय होता, लॅपिस (निळा दगड) हाच निळा, इंक सॅक हाच काळा, कोको बीन्स हाच तपकिरी. आता तसं नाही, आधी त्यांचा डाय करून घ्यायचा आणि मग वापरायचा. चौकटीत आर्मरच्या शेजारी सरळ लॅपिस ठेवून "होत नाही" म्हणणारे अजून भेटतात.

## टप्पा १: रंग ठरवा आणि हिशोब कागदावर करा

हा टप्पा सगळे गाळतात. फुलं दिसली की तोडत सुटतात, घरी येऊन बघतात तर ७० पिवळे डाय आणि लाल ३.

अख्खा सेट म्हणजे ४ नग. लेदर लागतं २४: हेल्मेटला ५, चेस्टप्लेटला ८, लेगिंग्जना ७, बुटांना ४. घोड्याचं आर्मर हवं असेल तर आणखी ७. गाय मारली की ० ते २ लेदर मिळतं म्हणजे नशीब रुसलं तर बऱ्याच गायी लागतात, त्यामुळे लेदर आधी गोळा करा, डाय नंतर.

आता डायचा हिशोब. साधा शुद्ध रंग हवा असेल, समजा नुसता लाल, तर एका नगाला एकच डाय पुरतो. एकच! दोन टाकले, पाच टाकले, आठ टाकले तरी लाल तोच, जराही गडद होत नाही. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की मी स्वतः सुरुवातीला प्रत्येक नगावर ४-४ लाल उडवलेत. गडद करायचं असेल तर काळा मिसळावा लागतो, लालावर लाल ओतून काही होत नाही.

मिश्र रंग हवा असेल तर एका नगाला किती कुठला डाय, ते ठरवा आणि गुणिले ४ करा. घोडा असेल तर गुणिले ५. वर एका नगापुरता जास्तीचा ठेवा कारण कुठेतरी हात चुकतोच.

## टप्पा २: झाडं गोळा करणं

कुठल्या झाडापासून काय मिळतं ते आधी सांगतो, मग कुठलं घ्यावं आणि कुठल्याच्या मागे लागू नये ते.

लाल: पॉपी, लाल ट्यूलिप, बीटरूट, यातून १-१. रोझ बुशमधून २.
पिवळा: डँडेलियन १, सूर्यफूल २.
केशरी: केशरी ट्यूलिप किंवा टॉर्चफ्लॉवर १.
गुलाबी: गुलाबी ट्यूलिप १, पिओनी २.
मॅजेंटा: अॅलियम १, लायलॅक २.
निळा: कॉर्नफ्लॉवर १. लॅपिसमधूनही १, पण ते खाणीतलं.
फिका निळा: ब्लू ऑर्किड १.
फिका राखाडी: अॅझूर ब्लूएट, ऑक्सआय डेझी, पांढरा ट्यूलिप, प्रत्येकी १. हो, पांढऱ्या ट्यूलिपमधून पांढरा निघत नाही, मीही फसलोय.
पांढरा: लिली ऑफ द व्हॅली १, किंवा बोन मील १.
तपकिरी: कोको बीन्स १.
हिरवा: निवडुंग फर्नेसमध्ये (भट्टीत) भाजून १.
पोपटी: सी पिकल भाजून १. हे समुद्राच्या तळाशी मिळतं, त्यासाठी कशाला बुडता, हिरवा अधिक पांढरा करा.
काळा: झाडापासून हवा असेल तर फक्त विदर रोझ. ते फूल विदर नावाच्या बॉसने एखाद्या प्राण्याला मारलं तरच उगवतं आणि त्याला अंग लागलं तरी इजा होते. एका काळ्या टोपीसाठी एवढा जीव धोक्यात घालू नका, स्क्विड मारून इंक सॅक घ्या. शाकाहारी हट्ट इथे सोडा.

आता खरी युक्ती. दोन ब्लॉक उंच असलेली फुलं म्हणजे रोझ बुश, सूर्यफूल, लायलॅक, पिओनी. यांच्यावर बोन मील टाकलं की झाड तसंच उभं राहतं आणि तेच फूल खाली पडतं. परत टाका, परत पडतं. एका हाडाचं ३ बोन मील होतं, प्रत्येक बोन मीलला १ रोझ बुश, प्रत्येक रोझ बुशचे २ लाल डाय. म्हणजे एका हाडाचे ६ लाल डाय, आणि मूळ झाड कायम. घराजवळ या चारही फुलांचं एकेक झाड लावलंत की लाल, पिवळा, मॅजेंटा, गुलाबी हे चार रंग जन्मभर सुटले. मी तर नवीन जगात गेलो की बिछान्याच्या आधी रोझ बुश शोधतो.

हाडं नसतील तर कंपोस्टर. त्यात बिया, पानं, नको असलेली फुलं टाकत राहायचं, भरला की एक बोन मील देतो. प्रत्येक बीला थर वाढण्याची शक्यता ३० टक्केच असते, छोट्या फुलाला ६५ टक्के, त्यामुळे जास्तीचे डँडेलियन सगळे तिथेच.

थांबा: जावामध्ये छोट्या फुलांवर, म्हणजे पॉपी, कॉर्नफ्लॉवर, ट्यूलिप वगैरेंवर बोन मील टाकून काहीच होत नाही. बोन मील फुलावर न टाकता शेजारच्या गवताच्या ब्लॉकवर टाका, मग गवताबरोबर त्या बायोममधली (म्हणजे त्या प्रदेशातली) फुलं उगवतात. बायोम महत्त्वाचा आहे: ब्लू ऑर्किड हवं असेल तर दलदलीतच जा, दुसरीकडे कितीही बोन मील ओता, येणार नाही. फ्लॉवर फॉरेस्टमध्ये मात्र ठराविक जागी ठराविकच फूल येतं, म्हणजे जिथे अॅलियम दिसलं तिथेच बोन मील टाकलं तर पुन्हा अॅलियम येतं. ती जागा खूण करून ठेवा.

फुलं भराभर तोडायची तर एकेकावर हात मारत बसू नका, बादलीभर पाणी मधोमध ओता. पाणी पसरत जातं, छोटी फुलं उपटून वाहत येतात, पाणी परत बादलीत भरा आणि चालत चालत फुलं उचला.

कोकोचं थोडं वेगळं. शेंग जंगलच्या लाकडाच्या खोडावर, बाजूलाच लागते, दुसऱ्या लाकडावर नाही. जंगल लांब असेल तर दोन-चार खोडं घरी आणून उभी करा आणि त्यांच्या बाजूंना बीन्स लावा. शेंग हिरवी किंवा पिवळट असताना तोडली तर एकच बी परत मिळते, म्हणजे फायदा शून्य. नारिंगी-तपकिरी, चांगली टम्म झाली की तोडा, मग ३ पर्यंत मिळतात.

निवडुंग वाळूवर लावा आणि त्याच्या चारही बाजूंना लागून काही ठेवू नका, शेजारी ब्लॉक आला की तो आपोआप तुटतो. आणखी एक, निवडुंगाला टेकलेली वस्तू नष्ट होते, तोडलेला निवडुंगसुद्धा! दाटीवाटीने शेत केलं तर अर्धं पीक शेजारचाच निवडुंग खातो.

## टप्पा ३: झाडाचा डाय करणं

बहुतेक फुलं इन्व्हेंट्रीच्या (आपल्या सामानाच्या पडद्यावरच्या) छोट्या २ बाय २ चौकटीतच होतात, क्राफ्टिंग टेबल नको. फूल ठेवा, डाय उचला, झालं.

निवडुंगाला मात्र फर्नेस. आणि साधाच फर्नेस, ब्लास्ट फर्नेस नाही, स्मोकर नाही. ब्लास्ट फर्नेस फक्त धातूचं काम करतो, स्मोकर फक्त खाण्याचं, दोघंही निवडुंग घेत नाहीत. एक निवडुंग भाजायला १० सेकंद, एका कोळशावर ८ होतात. पूर्ण स्टॅक ६४ चा लावला तर ८ कोळसे आणि १० मिनिटं ४० सेकंद. तेवढ्यात फुलांचं उरकून घ्या.

तपासा: आता तुमच्याकडे फुलं नाहीत, फक्त डाय आहेत ना? पहिल्या टप्प्यातल्या कागदाशी आकडे जुळवा. कमी असतील तर आत्ताच परत जा, तीन नग रंगवून झाल्यावर चौथ्यासाठी डोंगर ओलांडून कॉर्नफ्लॉवर शोधायला जाणं फार जिवावर येतं.

## टप्पा ४: डायमध्ये डाय मिसळणं (जांभळ्याचा घोळ इथेच होतो)

मिसळायच्या दोन जागा आहेत. एक म्हणजे डाय अधिक डाय करून नवा डाय बनवणं. दुसरी म्हणजे दोन वेगळे डाय घेऊन सरळ आर्मरवर टाकणं. लोकांना वाटतं दोन्ही एकच. अजिबात नाही.

डाय अधिक डाय केल्यावर गेम ठरलेला रंग देतो: निळा अधिक लाल म्हणजे जांभळा, २ मिळतात. निळा अधिक हिरवा म्हणजे सायन, २. लाल अधिक पिवळा केशरी, लाल अधिक पांढरा गुलाबी, निळा अधिक पांढरा फिका निळा, हिरवा अधिक पांढरा पोपटी, काळा अधिक पांढरा राखाडी, सगळ्यांचे दोन-दोन. जेवढे टाकले तेवढेच बाहेर येतात, वाया काही जात नाही.

आर्मरवर सरळ टाकल्यावर जावामध्ये मात्र गेम गणित करतो. प्रत्येक डायचे लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे असतात, त्यांची सरासरी काढतो, आणि मग रंग फार काळपट होऊ नये म्हणून उजेड वर खेचतो. आता भाच्याच्या चेस्टप्लेटचंच बघू. लाल डाय म्हणजे १७६, ४६, ३८. निळा म्हणजे ६०, ६८, १७०. सरासरी ११८, ५७, १०४. त्यावर उजेड खेचला की १७३, ८३, १५२. हाच तो विटका राणी! खरा जांभळा डाय १३७, ५०, १८४ असतो, म्हणजे निळ्याकडे झुकलेला. जांभळा हवा असेल तर आधी टेबलवर लाल-निळ्याचा जांभळा डाय करा, मग तो एकटा आर्मरवर टाका.

सायनचं तर याहून वाईट. निळा आणि हिरवा सरळ आर्मरवर टाकलात तर ११७, १४७, १४७ येतो, म्हणजे धुळीने माखलेला राखाडी-हिरवट. सायन डाय बनवून टाकला तर २२, १५६, १५६, झकास मोरपंखी.

नियम लक्षात ठेवायचा तो एवढाच: डायच्या १६ रंगांपैकी एखादा हवा असेल तर त्याचा डाय आधी बनवा. आर्मरवरची मिसळ फक्त त्या १६ मध्ये नसलेल्या छटांसाठी.

आणि त्या छटा भारी असतात हं. मला आवडलेल्या काही, सगळ्या एकास एक प्रमाणात:

लाल अधिक तपकिरी: गेरू. खरं तर सगळ्यात "चिलखत" वाटणारा रंग हाच.
पिवळा अधिक तपकिरी: मोहरीसारखा, जुन्या पितळेच्या जवळ जाणारा.
हिरवा अधिक तपकिरी: वाळलेल्या मेंदीचा, जंगलात लपायला बेस्ट.
लाल अधिक काळा: गडद मरून, लग्नातल्या शालूचा असतो तसा.

थांबा: काळा जपून. एकास एक काळा टाकला की रंग झपकन खाली जातो. थोडासाच गडद हवा असेल तर ३ लाल आणि १ काळा असं करून बघा.

## टप्पा ५: जुना रंग धुणं

नवीन शिवलेलं लेदर असेल तर हा टप्पा सोडा, त्याचा मूळचा तपकिरी रंग मिश्रणात धरत नाहीत. पण एकदा जरी रंगवलेलं असेल तर जावामध्ये जुना रंग नव्या मिश्रणात घुसतो. लाल बुटांवर निळा टाकला तर निळे बूट मिळत नाहीत, तोच विटका राणी मिळतो.

धुवायला कॉल्ड्रन लागतो, ७ लोखंडी विटांचा. पाण्याची बादली ओता, रंगवलेला नग हातात धरून कॉल्ड्रनवर राइट क्लिक करा, रंग गेला. जावात एका बादलीत ३ पातळ्या पाणी असतं आणि प्रत्येक धुण्याला एक पातळी उतरते, म्हणजे ४ नगांच्या सेटला एक बादली पुरत नाही, दुसरी जवळ ठेवा. नाहीतर तीन धुतलेले आणि एक मळका, आणि नदी कुठे होती ते आठवत बसा.

धुतल्यावर एन्चांटमेंट (आर्मरवर चढवलेली जादू) जात नाही, काळजी नको.

तपासा: चारही नग एकाच मूळ लेदर रंगाचे दिसतायत ना? एखादा किंचित वेगळा दिसत असेल तर तो धुतलेलाच नाही.

## टप्पा ६: प्रत्यक्ष रंगवणं

### जावावाले

क्राफ्टिंग टेबलची ३ बाय ३ चौकट उघडा. एक नग ठेवा, बाकीच्या ८ घरांत डाय, जागेचा काही नियम नाही, कुठेही ठेवा. इन्व्हेंट्रीच्या छोट्या चौकटीतही चालतं पण तिथे एक नग आणि जास्तीत जास्त ३ डाय. एका वेळी एकच नग, चारही एकदम नाही होत.

रेसिपी बुकमध्ये शोधू नका, आर्मर रंगवण्याची रेसिपी तिथे दिसतच नाही. हाताने ठेवायचं.

निकालाच्या घरात रंगलेला नग आधीच दिसतो. उचलायच्या आधी बघा! नाही आवडला तर डाय काढून घ्या, काही वाया गेलं नाही. एवढी साधी गोष्ट पण लोक शिफ्ट क्लिक करून मोकळे होतात आणि मग धुवायला पळतात.

आता सगळ्यात चिवट चूक: थोडं थोडं करून रंगवणं. जुना रंग किती डायपासून बनला हे गेम लक्षात ठेवत नाही, त्याला फक्त एक मत देतो. उदाहरण घ्या, हवाय २ पिवळे आणि १ लाल. तिन्ही एकदम टाकले तर २२८, १५९, ५३, पिकलेल्या आंब्याचा रंग. पण आधी दोन पिवळे टाकून नग उचलला आणि मग लाल टाकला, तर ते दोन पिवळे मिळून एकच मत धरलं जातं, लालाचं एक, आणि येतो २१५, १३१, ४९, सरळ शेंदरी. डाय तेच, तेवढेच, रंग दुसरा. आणि मग हेल्मेट एका पद्धतीने, बूट दुसऱ्या पद्धतीने केले की सेट कधीच जुळत नाही आणि कळतही नाही का जुळत नाही ते.

म्हणून प्रत्येक नगाला तेच डाय, त्याच संख्येत, एकाच वेळी. पहिल्या नगाचं प्रमाण कुठेतरी लिहून ठेवा, चॅटमध्ये स्वतःलाच टाकलं तरी चालेल.

### मोबाइल, कन्सोल, बेडरॉकवाले

१. कॉल्ड्रन ठेवा, पाण्याची बादली ओता.
२. डाय हातात धरून कॉल्ड्रनवर टॅप करा, पाणी रंगतं.
३. मिश्र रंग हवा असेल तर दुसरा डाय टाका, पाण्याचा रंग बदलतो. आर्मर बुडवायच्या आधी पाण्याकडे नीट बघा, तुमचं सॅम्पल तेच.
४. आर्मर हातात धरून कॉल्ड्रनवर टॅप करा.

प्रत्येक नगाबरोबर पाणी थोडं उतरतं. चारही नग त्याच पाण्यात सलग बुडवून घ्या, मध्ये थांबून "अजून जरा पिवळा टाकतो" असलं काही करायचं नाही, नाहीतर बूट वेगळेच निघतात. रंगच काढायचा असेल तर रंग न टाकलेल्या साध्या पाण्याच्या कॉल्ड्रनवर आर्मर घेऊन टॅप करा. त्यासाठी दुसरा कॉल्ड्रन बाजूला ठेवलेला बरा, कारण घाईत लोक स्वच्छ पाण्यातच डाय टाकतात.

थांबा: ज्या कॉल्ड्रनमध्ये औषधाची पोशन भरून ठेवलीय त्यात डाय टाकायला जाऊ नका. बहिणीने माझी साठवलेली पोशन अशीच घालवलीय, तिला अजून वाटतं चूक माझी होती, मी पाटी लावायला पाहिजे होती. लावली आता.

## टप्पा ७: उजेडात बघणं

टॉर्चच्या उजेडात सगळंच पिवळसर दिसतं, गुहेत रंगवलेला गुलाबी बाहेर आल्यावर दचकवतो. ६ काठ्या आणि एक स्मूथ स्टोन स्लॅब याचा आर्मर स्टँड करून दिवसा उघड्यावर उभा करा, सेट चढवा, चार पावलं मागे जा. लेदरच्या काही पट्ट्या-कडा रंगत नाहीत, मूळ तपकिरीच राहतात, ती तुमची चूक नाही. फिक्या रंगांत, विशेषतः पांढऱ्यात त्या जास्त उठून दिसतात, त्यामुळे पांढरा सेट कधी एकदम दुधासारखा होणार नाही हे मान्य करूनच पांढऱ्याच्या मागे लागा.

## टप्पा ८: रंगवल्यानंतर रंग घालवण्याचे मार्ग

एन्चांट आधी करा की नंतर, फरक पडत नाही, रंगवल्याने एन्चांटमेंट जात नाही आणि झिजही बदलत नाही.

पण दुरुस्ती बघून करा. दोन झिजलेली लेदर चेस्टप्लेट क्राफ्टिंगच्या चौकटीत एकत्र केली की एक दुरुस्त झालेली मिळते खरी, पण कोरी, रंग गेला, एन्चांटमेंटही गेली. रंग ठेवायचा असेल तर अॅनव्हिलवर (ऐरणीवर) लेदर लावून दुरुस्त करा, एक्सपीरियन्स लागतो पण रंग राहतो. लेदर तसं लवकर झिजतं, हेल्मेटची ताकद ५५ आणि चेस्टप्लेटची ८०, त्यामुळे ही वेळ येणारच.

संरक्षणाचं म्हणाल तर अख्ख्या लेदर सेटचे ७ पॉइंट, लोखंडाचे १५, डायमंडचे २०. म्हणजे ड्रॅगनसमोर गेरू रंगाचं चिलखत घालून जाऊ नका, कितीही सुंदर असलं तरी. मी करतो ते असं: लढाईला डायमंड, पण पायात रंगीत लेदर बूट, बर्फाळ भागात गेलो तर, कारण लेदर बूट घातले की पावडर स्नोवर बुडत नाही, वरून चालता येतं. गावात, घरी, मित्रांच्या सर्व्हरवर टीमचा रंग दाखवायला अख्खा सेट.

घोड्याचं आर्मर अगदी याच पद्धतीने, स्वतःच्या सेटबरोबर त्याच बैठकीत रंगवा म्हणजे प्रमाण डोक्यात ताजं असतं. घोड्याच्या अंगावर असताना रंगत नाही, काढून घ्यावं लागतं.

जाता जाता लोकरीचं: लोकरीला एकेक करून डाय लावत बसू नका. डाय हातात धरून मेंढीवरच टाका, एक डाय, एक मेंढी. कातरली की त्याच रंगाची १ ते ३ लोकर, गवत खाल्लं की परत वाढते आणि रंग तोच राहतो, कोकरूही आई-बापाच्या रंगाचं होतं. टीमच्या रंगाचे बॅनर, लामाच्या पाठीवरचे गालिचे, सगळं एका मेंढीवर भागतं. फक्त गेरू किंवा मेंदी रंगाची मेंढी होत नाही, तिथे १६ च रंग, त्यामुळे बॅनर आणि आर्मर जुळवायचं असेल तर पहिल्या टप्प्यात कागदावर रंग ठरवतानाच १६ पैकी एक घ्या.